शकुंतला परदेशी कंपनीला दिली असती तर? – एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, नमस्कार.

टांझानियाच्या रेल्वेवरच्या माझ्या लेखावर तुम्ही चांगलीच लांब प्रतिक्रिया दिलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : घरची शकुंतला, म्हणजे आपली यवतमाळ-मूर्तिजापूरची छोटी रेल्वे, गवतात पडली असताना आफ्रिकेच्या गाड्यांची उठाठेव कशाला? तिकडे गेलेल्या आपल्या इंजिनिअरांना मी उगाच बदनाम केलं. आणि शकुंतला एखाद्या परदेशी कंपनीच्या हाती दिली असती, तर आजही यवतमाळहून मूर्तिजापूरला गाडी गेली असती. तुमचे बाबा तीस वर्षं याच लाइनीवर होते, हेही तुम्ही शेवटी लिहिलंय. ते वाचल्यावर दोन ओळींत उत्तर देऊन मोकळं व्हावंसं वाटलं नाही.

आधी माझी चूक. ‘आपल्या लोकांनी टांझानियाची रेल्वे बुडवली’ हे वाक्य मी मागे घेतो. २००७ मध्ये आपल्या राइट्सने, म्हणजे भारत सरकारच्या रेल्वे सल्लागार कंपनीने, तिथल्या मीटर गेज रेल्वेचा कारभार २५ वर्षांसाठी हाती घेतला. ५१ टक्के वाटा राइट्सचा, ४९ टक्के तिथल्या सरकारचा. दार-एस-सलामहून टबोरामार्गे किगोमा आणि म्वान्झाकडे जाणारी ही लाइन मूळची जर्मन अमदानीतली, आणि आपल्या हाती आली तेव्हाच ती पार जर्जर झालेली होती. इंजिनं आणि डबे भारतातून भाड्याने नेले, त्यावरून तिथल्या कामगारांची नाराजी. पगारावरून संप. पैसा कोणी घालायचा यावरून भागीदारांत कुरबुरी. शेवटी करार मोडला आणि २०११ पर्यंत रेल्वे पुन्हा सरकारकडे गेली. यात एकट्या आपल्या इंजिनिअरांवर खापर फोडणं अन्यायाचं होतं. तुम्ही रागावलात ते बरोबरच.

पण तुमच्या तिसऱ्या मुद्द्याशी मी अजिबात सहमत नाही.

शकुंतला परदेशी कंपनीला दिली असती तर, असं तुम्ही विचारता. भाऊ, ती होतीच की कंपनीची! सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी ही मालक, आणि तिचा कारभार किलिक-निक्सन या मूळच्या ब्रिटिश पेढीकडे. वऱ्हाडचा कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीवर पोचवायचा, तिथून मुंबई, मुंबईहून मँचेस्टर, यासाठी ही अडीच फुटी लाइन टाकली. मँचेस्टरलाच १९२१ मध्ये बनलेलं वाफेचं इंजिन तिच्यावर सत्तर वर्षांच्या आसपास धावलं आणि १५ एप्रिल १९९४ ला त्याच्या जागी डिझेल आलं. देशभरातल्या रेल्वे सरकारने ताब्यात घेतल्या, ही मात्र कंपनीकडेच राहिली. पुढे ती पेढी भारतीय हातात आली, तरी व्यवस्था तीच : मालकी कंपनीची, गाडी चालवणार सरकारी रेल्वे, आणि त्याबद्दल कंपनीला मोबदला. म्हणजे मालक एक, चालवणारा दुसरा. अशा घरात छपराचं कवेलू कोण बदलणार? मालक म्हणतो, राहता तुम्ही. राहणारा म्हणतो, घर तुमचं. रूळ झिजत गेले, गाडीचा वेग ताशी वीसेक किलोमीटरवर आला, आणि मग गाडीच थांबली.

टांझानियात झालं ते याच जातीचं होतं, म्हणूनच मी आफ्रिकेबद्दल लिहितो. झांबियाने २००३ मध्ये आपली रेल्वे बाहेरच्या कंपनीला २० वर्षांसाठी दिली आणि २०१२ मध्ये काढून घेतली. नायजेरियाने १९७०च्या दशकाच्या अखेरीस राइट्सलाच तीन वर्षांसाठी अख्खी रेल्वे चालवायला बोलावलं. शेकडो भारतीय रेल्वेवाले तिकडे गेले, त्यांनी मनापासून काम केलं, कारभार सुधारला. मुदत संपली, माणसं परत आली, आणि रेल्वे पुन्हा घसरणीला लागली. चीनने टांझानिया ते झांबिया १,८६० किलोमीटरची ताझारा लाइन बांधून दिली आणि १९७६ मध्ये सोपवली. काही वर्षांतच ती चालवायला चिनी तज्ज्ञांना पुन्हा तिकडे बोलवावं लागलं.

मग परदेशी माणूस नकोच का? असं मी कधीच म्हटलं नाही. चेन्नईजवळच्या पेरांबूरची गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. स्वातंत्र्यानंतर पूर्ण लोखंडी डबे बनवायचं तंत्र आपल्याकडे नव्हतं, म्हणून स्वित्झर्लंडच्या श्लीरेन गावातल्या कारखान्याशी करार केला. २ ऑक्टोबर १९५५ ला पेरांबूरचा कारखाना सुरू झाला. स्विस लोकांनी शिकवलं आणि ते आपल्या घरी गेले. कारखाना आपला राहिला, आणि त्या घडणीचे डबे तिथे २०१८ पर्यंत बनत होते. बडनेऱ्याला आपण ज्या निळ्या डब्यात चढायचो, तो हाच. एलएचबी या जर्मन घडणीच्या नव्या डब्यांचंही तसंच. पहिले काही डबे तयार आणले, मग तंत्र घेतलं आणि कपूरथळ्यात आपल्या कामगारांनी बनवायला सुरुवात केली. तिथे सल्लागाराने आपल्या कामगाराला हातात हत्यार देऊन शिकवलं. चालवायचा मक्ता घेणाऱ्यावर ती सक्ती नसते. त्याची फी मुदतीपुरती, त्याची काळजीही मुदतीपुरती.

पैशाचंही एक बघा. इंग्रज काळात जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) सारख्या रेल्वे कंपन्यांना भांडवलावर ५ टक्के परताव्याची हमी होती. तोटा झाला तरी परतावा ठरलेला, भरणार सरकार, म्हणजे शेवटी शेतसारा देणारा शेतकरी. तोट्याची झळ ज्याला लागत नाही, त्याच्या हाती लाइन गेली की तो लाइनीकडे कशा नजरेने बघेल, हे आपल्या आजोबा-पणजोबांनी सोसून पाहिलंय.

आता तुमच्या बाबांविषयी. लहानपणी दारव्ह्याकडे मामाच्या गावी असताना मी लाइनीवरच्या कीमनच्या, म्हणजे रोज पायी रूळ तपासणाऱ्या कामगाराच्या, मागे मागे चालत जायचो. खांद्यावर लांब दांड्याचा हातोडा, हातात पाना, कमरेला लाल झेंडी. तो रूळ जागच्या जागी धरून ठेवणाऱ्या प्रत्येक चावीवर (लोखंडी पाचरीवर) हलकेच ठोका द्यायचा आणि आवाज ऐकायचा. घट्ट बसलेली चावी खणकन बोलते, ढिली असली की नुसता थप्प असा आवाज येतो. मला दहातली एक ओळखू यायची, त्याला बघावंही लागत नव्हतं. रुळाखालून पाणी जाणाऱ्या एका मोरीजवळ तो थांबला आणि म्हणाला, “हे इथं बसते बरं, पोट्ट्या. दरसाल बसते.” आपली काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि पावसाळ्यात फुगते. वर रूळ कितीही सरळ टाका, खालचा भराव हलतो. कुठे हलतो, किती हलतो, कोणत्या नाल्याचं पाणी कोणत्या मोरीशी तुंबतं, हे त्या माणसाच्या पायांना ठाऊक होतं. बाहेरून आलेला तज्ज्ञ माती तपासेल, आणि तपासायलाच हवी. पण ती मोरी त्याला कोण दाखवणार?

फेब्रुवारी २०२४ मध्ये वर्धा ते कळंब गाडी सुरू झाली, वर्धा-यवतमाळ-नांदेड या २८४ किलोमीटरच्या लाइनीचा तो पहिला तुकडा. मला त्याचा मनापासून आनंद आहे. शकुंतलेचं ब्रॉडगेज व्हावं ही मागणीही मी सोडलेली नाही. ते काम कोणत्याही देशाच्या सल्लागाराला द्या, माझी हरकत नाही. फक्त करारात लिहा की दारव्हा, कारंजा, दर्यापूर, अंजनगावची पोरं पहिल्या दिवसापासून त्याच्यासोबत कामावर असतील, आणि दरसालच्या देखभालीचा पैसा कोण देणार हे आकड्यासकट ठरलेलं असेल.

आणि एक विनंती. बाबांची तब्येत बरी असेल तर त्यांना विचारा, लाडखेड आणि दारव्ह्याच्या मध्ये लाइन कुठे कुठे बसायची. मी वही घेऊन येतो. पेरण्या उरकल्या की कळवा.