आठ कुठाय?

नळाच्या मीटरला वडिलांच्या जागी माझं नाव लावायचं, एवढंच काम. अर्ज भरला, मोबाईलवर क्रमांक आला: 12345679. काल दोन तास रांगेत उभं राहून तो खिडकीत सांगितला.

"आठ कुठाय?" साहेबांनी विचारलं.

"आठ नाहीच त्यात."

"न्हाई कसा? सहा, सात, आठ, नऊ. शाळंत गेलायसा न्हवं?"

मेसेज दाखवला. पाचशेची नोट तपासावी तसा त्यांनी मोबाईल उजेडात धरला. "हे तुमी सोताच टाइप केलंय." मग 12345678 मारून बघितलं. अर्ज उघडला! दुसऱ्याच गृहस्थांचा, आणि मंजूर. "बघा, आठ ह्यांच्याकडं हाय."

ज्या कोल्हापुरात गाडीवर 'दादा' वाचता यावं म्हणून लोक 4141 साठी पैसे मोजतात, तिथं मला असला देखणा आकडा फुकट मिळाला, तर तो खोटा!

एवढ्यात मागून एक रिटायर गणिताचे सर घुसले. रांगेत मी आठवा होतो, ते दहावे. हे लक्षात ठेवा. बगलेत पिशवी, पिशवीतून डोकावणारी मेथीची जुडी.

"साहेब, थोर आकडा आहे हा! तुमचा आवडता अंक बोला."

"पाच."

"नऊ पंचे पंचेचाळीस. त्यानं गुणा."

साहेबांनी कॅल्क्युलेटर बडवला. 555555555. "आयला!" शेजारच्या टेबलावरच्या मॅडमना सात आवडतो, त्यांनी 63 नं गुणलं, नऊ सत्ते आले. शिपायानं 72 नं गुणलं तर 888888888. मी खिडकीत तोंड घालून ओरडलो, "हे घ्या तुमचे आठ! नऊ आहेत!" कुणी लक्ष दिलं नाही.

सर आता रंगात आले होते. "एकाला 81 नं भागा. 0.012345679, आणि पुढं परत शून्यापासून तेच. खरं म्हणजे तिथं सात, आठ, नऊ, दहा असेच ओळीनं येतात. पण दहा एका घरात मावत नाही. त्याचा हातचा नऊवर, नऊचे झाले दहा. त्याचा हातचा आठवर. म्हणजे आठ हरवला नाही, त्याचा नऊ झाला!"

मला हे शिकवायची गरज नव्हती. दहावे सर पुढं घुसल्यापासून मीही नववाच झालो होतो.

"आणि अंकांची बेरीज? 37. आकड्याला 37 नंच भाग जातो, 333667 वेळा! अशा संख्येला देवळालीच्या कापरेकर मास्तरांनी नाव दिलं, हर्षद. म्हणजे आनंद देणारी."

आनंद अख्ख्या ऑफिसला झाला, मी सोडून. वडील जाऊन दीड वर्ष झालं. बिल अजून त्यांच्याच नावानं येतं, तेही अगदी वेळेवर. पाकिटावरचं नाव बघून आई ते न फोडताच माझ्याकडं सरकवते. हे कुठल्या खिडकीत सांगायचं?

कॅल्क्युलेटरवर तो आकडा पंधरा वेळा तरी मारला गेला. अर्जाच्या चौकटीत मात्र एकदाही नाही. सरांची पावती तेवढी मधल्या मधे निघाली होती.

"जेवायची सुट्टी. सोमवारी या," साहेब खिडकी ओढत म्हणाले. मग परत बोटभर उघडली.

"37 नंच न्हवं? रात्री करून बघतो."