एक महिना, एक दिवस

आठवडाभर आमच्या भावकीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच विषय सुरू आहे. चुलतभावाची मुलगी तीन वर्षांपासून माहेरी आहे. नवऱ्याने नांदवणार नाही म्हणून सांगून टाकलं. आता दारव्ह्याकडचं स्थळ आलंय, पाच एकर ओलिताची शेती आहे, आणि त्यांना अक्षय तृतीयेला उरकायचंय. काकाजी म्हणतात, "कोर्टात गेली त पोरगी म्हातारी होईन. बाँडवर सोडचिठ्ठी लिहून घ्या अन् मोकळी करा." पहिला नवरा सही द्यायला तयार आहे.

मी लिहिलं, कोर्टाचा हुकूम हाती आल्याशिवाय लग्न लावू नका. त्यावर भावाचं उत्तर आलं, "तुह्याकडं बरं हाय बाई. मनात आलं का सोडला, दुसऱ्या दिवशी दुसरा केला. इथं खानदान पाहा लागते."

हे वाक्य मला झोपू देत नाही.

दुसऱ्या दिवशी? मी राहते त्या मेलबर्नमध्ये वेगळं राहिल्याला बारा महिने झाल्याशिवाय घटस्फोटाचा अर्जच करता येत नाही. एकाच घरात वेगळे राहिलात तर तेही शपथपत्रावर पटवून द्यावं लागतं. आम्ही सात महिने तसे राहिलो, कारण मॉर्गेज दोघांच्या पगारावर होतं. तो पुढच्या खोलीत, मी लेकीला घेऊन मागच्या. सोमवारी रात्री कचऱ्याचा बिन कोण बाहेर काढणार, एवढंच बोलणं. पुढे ऑर्डर झाली, तरी ती एक महिना आणि एक दिवसाने लागू होते. त्याआधी लावलेलं लग्न लग्नच नाही. माझी ऑर्डर १४ मार्चची. फ्रीजशेजारच्या कालनिर्णयवर १४ एप्रिल लाल छापलेला होता, आंबेडकर जयंती. त्याच्या पुढच्या चौकोनात मी पेनाने बारीक टिंब काढलं आणि रोज चहा करताना त्याच्याकडे बघत होते. घराचा आणि सुपरचा, म्हणजे तिथल्या निवृत्ती फंडाचा, हिशेब मिटायला त्यापुढे दोन वर्षं गेली.

हे भाऊ जयंतीला चौकात मंडप घालतात. हिंदू कोड बिल अडवलं गेलं, हेही बाबासाहेबांनी १९५१ मध्ये मंत्रिपद सोडण्याचं एक कारण होतं. पुढे १९५५ चा विवाह कायदा आला, म्हणून आपल्या पोरींना कोर्टाचं दार उघडलं. त्या दारावरून बाँड पेपर घेऊन परत का फिरायचं?

काडीमोड कायद्याने पुसलेला नाही, हे मलाही माहीत आहे. जातीची रूढी असेल तर त्याच विवाह कायद्याचं कलम २९ तो मानतं, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. पंचांसमोर गवताची काडी मोडायचे, हे आजीकडून फक्त ऐकलेलं. माझ्या आठवणीत आमच्यात कोणी काडी मोडलेली नाही. मग नोटरीच्या शिक्क्याने लग्न कसं मोडेल? पहिलं उभं असताना दुसरं लावलं तर ते शून्य, आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ खाली सात वर्षांपर्यंत शिक्षा. उद्या दारव्ह्यात काही बरंवाईट झालं, तर त्या पाच एकरांच्या सातबाऱ्यावर वारस म्हणून पोरीचं नाव कोण चढू देईल? दीर की तलाठी?

आणि सही तर तो देतोच आहे ना? तीच सही संमतीच्या अर्जावर घ्या. वर्षभर वेगळं राहण्याची अट कधीच पूर्ण झाली. अर्जानंतर थांबायचे सहा महिने माफ करता येतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्येच सांगितलंय. भांडून मिळालेल्या हुकमानंतर अपिलाची ९० दिवसांची मुदत थांबावं लागतं, पण इथे भांडण आहे कुठे? इतकं सगळं ग्रुपवर लिहिलं. दोन अंगठे आले आणि लगेच कापसाच्या भावाचा मेसेज.

एक गोष्ट मात्र मी ग्रुपवर लिहिली नाही. माझं लग्न गावातच लागलं, नोंद ग्रामसेवकाने केली. ऑस्ट्रेलियाचा कागद हाती आल्यावर यवतमाळच्या एका वकिलांना फोन केला होता. ते म्हणाले, "ताई, परदेशातला हुकूम इथे सरसकट चालत नाही. १९९१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, कारण आपल्या कायद्यात बसणारं लागतं. इथेही संमतीचा अर्ज टाकून घ्या." तीन वर्षं झाली, मी टाकलेला नाही. कोर्टात नाव पुकारलं की गावात कळणार. मागच्या खेपेला नागपूर विमानतळाच्या बाथरूममध्ये मंगळसूत्र घातलं आणि तीन आठवडे घालून फिरले. पारावरच्या म्हाताऱ्या विचारायच्या, "जवाई कसे हायत वं?" मी सांगायची, बरे आहेत. भावाला ठाऊकच नाही की तो कोणाला बोलला. पण ठाऊक असतं तर बोललाच नसता, असंही मला म्हणता येत नाही. त्या अंगणात मला अजून पंगतीला बसायचंय, म्हणून मी गप्प राहिले.

काल पोरीचा वेगळा मेसेज आला, "आत्या, तू म्हणते त थांबतो. पण किती?" मी तिला माझ्या ऑर्डरचा फोटो पाठवला, तारखेसकट. आणि लिहिलं, पुढच्या महिन्यात येते, वकिलाकडे दोघी जाऊ, दोन अर्ज टाकायचे आहेत. तिने बराच वेळ काही लिहिलं नाही. मग विचारलं, "काकाजीले मी सांगू का तू सांगशीन?"

मी सांगते म्हटलं.