पाणी मुरवू पाहणाऱ्या बडोदेकरांस काही सूचना

पावसाचे पाणी जिथे पडले तिथेच थोडे अडवावे, थोडे जमिनीत मुरवावे आणि राहील तेवढेच गटारात सोडावे, हा विचार अमेरिकेतील मेरीलँड राज्याच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीने 1990 च्या दशकात राबवला आणि 'लो इम्पॅक्ट डेव्हलपमेंट' या भारदस्त नावाने तो पुढे जगभर गेला. आपल्या बडोद्यातील अधिकाऱ्यांनीही तो स्वीकारावा, त्यासाठी आपण त्यांना मदत करावी, अशी ऊर्मी आपणास आली असेल तर ती अवश्य पुरी करावी. मात्र त्या मदतीने साहेबांना प्रत्यक्षात काही करावे लागू नये, एवढी दक्षता घ्यावी. ही दक्षता कशी घ्यायची, याचेच मार्गदर्शन येथे केले आहे.

भेटीची वेळ सर्वांत महत्त्वाची. हिवाळ्यात, अंदाजपत्रकाची जुळवाजुळव चालू असते आणि कोणत्या शीर्षाखाली किती रक्कम धरायची हे अजून ठरायचे असते, तेव्हा चुकूनही वॉर्ड ऑफिसकडे फिरकू नये. त्या दिवसांत पन्नास फूट लांबीच्या एखाद्या खोलगट हिरव्या चरासाठी रक्कम मागितली, तर ती मिळून जाण्याचा धोका असतो. आपण जावे ते ऑगस्टमध्ये, काळाघोडा पुलाजवळ विश्वामित्री नदी 26 फुटांची धोक्याची पातळी ओलांडू लागते आणि साहेबांच्या दोन्ही कानांना दोन फोन असतात तेव्हा. त्या क्षणी लॅपटॉप उघडून अशीच कामे केलेल्या अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराची छायाचित्रे दाखवावीत. साहेब "छान आहे, नंतर बघू" म्हणतील, आणि आपली सूचना शासनदरबारी पोहोचल्याचे समाधान आपणास लाभेल.

भेटीत काय बोलावे? सुरुवात सयाजीराव महाराजांपासून करावी, कारण बडोद्यातील मराठी माणसाची कोणतीही नागरी मागणी त्यांच्याशिवाय सुरू होऊच शकत नाही. महाराजांनी आजव्याचे सरोवर बांधून शहराला पाणी दिले, कमाटीबाग 1879 मध्ये नदीच्या काठीच झाली, हे सर्व अर्धा तास सांगावे. नदीकाठच्या त्या बागेत पुराचे पाणी पसरते, चार दिवस थांबते आणि ओसरते, म्हणजे आपण जे मागतो आहोत त्याचा सव्वाशे वर्षांहून जुना नमुना शहराच्या मधोमध उभा आहे, हा मुद्दा मात्र त्या अर्ध्या तासात येऊ देऊ नये. महाराजांच्या दूरदृष्टीवर थांबावे. दूरदृष्टी ऐकून कोणीही निविदा काढत नाही.

त्यानंतर आश्वासन द्यावे, आणि ते जेवढे मोठे तेवढे बरे. 31 जुलै 2019 रोजी शहरात एका दिवसात सुमारे 500 मिलिमीटर पाऊस झाला होता. ऑगस्ट 2024 मध्ये नदी 35 फुटांच्या वर गेली आणि मगरी वस्तीत फिरताना लोकांनी पाहिल्या. चौकाचौकात पाणी मुरवणारे वाफे केले असते तर यातले काहीच झाले नसते, असे साहेबांना ठणकावून सांगावे. साहेब अभियंते आहेत. पावागडाच्या डोंगरातून उतरणारे आणि आजव्यातून सोडले जाणारे पाणी वाफ्यात मावत नाही, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगले कळते, त्यामुळे आपले पुढचे एकही वाक्य ते खरे मानणार नाहीत. या वाफ्यांचा खरा उपयोग वर्षात पुन:पुन्हा पडणाऱ्या वीस-पंचवीस मिलिमीटरच्या सरींसाठी आहे, ज्यांच्यामुळे नदी दुथडी नसतानाही रस्त्याला तळ्याचे रूप येते, स्कूटर बंद पडतात आणि रस्त्यावरचे तेल, धूळ, कचरा सरळ नदीत जातो. एवढेच म्हटले असते तर साहेबांनी कदाचित मान हलवली असती. म्हणून एवढेच कधी म्हणू नये.

एक कागद मात्र साहेबांपासून प्रयत्नपूर्वक लपवावा लागेल. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने 2010 मध्ये शहरी पुरांबाबत जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत सार्वजनिक बागा आणि मोठ्या वसाहतींच्या आखणीत रेन गार्डनचा, म्हणजे याच पाणी मुरवणाऱ्या वाफ्यांचा, समावेश करावा असे म्हटलेले आहे. केंद्राच्या 2019 च्या पर्जन्यजल निचऱ्याच्या नियमावलीतही अशा पद्धतींना जागा आहे. अधिकाऱ्याला नव्या कल्पनेची भीती वाटते ती तिच्या नवेपणाची नव्हे, उद्या लेखापरीक्षणात उत्तर द्यावे लागेल याची. सरकारनेच छापलेले पान टिपणीला जोडले की ती भीती निम्म्याने उतरते. तेव्हा आपण मेरीलँडच सांगत राहावे आणि दिल्लीचे नाव काढू नये.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. शहरातील कोणत्याही नव्या रस्त्याचा दुभाजक जवळ जाऊन पाहावा, म्हणजे आपली कार्यपद्धती किती परिपूर्ण आहे याची खात्री पटते. दोन्ही बाजूंनी सिमेंटची उंच कड, आत त्या कडेच्याही वर फुगवून भरलेली माती आणि मातीवर बोगनवेल. पाऊस आला की रस्त्यावरचे पाणी कडेला टेकून वाहत राहते, आत शिरत नाही. आतली माती मात्र कडेवरून रस्त्यावर उतरते आणि जाळीच्या झाकणावर जाऊन बसते. पाऊस थांबला की टँकर येतो आणि त्याच बोगनवेलीला पाणी घालतो. कधी कधी तो पाऊस थांबण्याचीही वाट पाहत नाही, कारण टँकरच्या फेऱ्या करारात मोजून दिलेल्या असतात. ही माती रस्त्यापेक्षा वीतभर खाली ठेवावी, कडेला दर काही फुटांवर हातभर फट सोडावी आणि आत वाळा, लव्हाळा, कर्दळ लावावी, एवढाच बदल पुरे आहे. त्याला ना नवा निधी लागतो ना नवे यंत्र. जो रस्ता होणारच आहे त्याच्या नकाशातली एक रेघ खाली सरकवावी लागते. आपण साहेबांकडे ही रेघ मागू नये. मागायचीच तर सर्व शहरासाठी एकत्रित बृहत् आराखडा मागावा, सल्लागार नेमण्याची विनंती करावी आणि अहवाल येईपर्यंत धीर धरावा.

दरम्यान स्वतःच्या दारी काय करायचे, हे सांगायला नकोच. दांडिया बाजारात वाड्याच्या जागी अपार्टमेंट उभे राहिले की सभासदांच्या पहिल्याच बैठकीत चिखल होतो या कारणाने अंगणात भिंतीपासून भिंतीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवण्याचा ठराव एकमताने संमत व्हावा. कडुलिंबाच्या बुंध्यापाशीही ब्लॉक घट्ट कापून बसवावेत. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला की अडीच हजार लिटर पाणी होते. ते एका पाइपाने थेट रस्त्यावर सोडावे आणि मग रस्त्यावर पाणी साचल्याचा व्हिडिओ गच्चीवरूनच काढून साहेबांना पाठवावा.

कांसांविषयीही धोरण स्पष्ट ठेवावे. शहरातून वाहत जाऊन नदीला मिळणारे हे नैसर्गिक ओहोळ उघडे आणि मातीचे असल्याने पाणी वाटेत रेंगाळते, हे कोणत्याही प्रगत शहराला न शोभणारे आहे. त्यांच्यावर काँक्रीटची पेटी बसवून वर पार्किंग करावे, म्हणजे सगळ्या वस्त्यांचे पाणी एकाच वेळी, एकाच घाईने विश्वामित्रीत जाऊन पडेल. मग नदीचे पात्र खोल आणि रुंद करण्याचे काम काढता येते, जसे 2025 च्या उन्हाळ्यात निघाले. (त्या कामाची गरज नव्हती असे कोणी म्हणत नाही, वरून येणारे पाणी तसेच येऊ देऊन खालचे भांडे मोठे करण्याचा हा खेळ किती उन्हाळे चालायचा, असे मात्र विचारू नये.)

एवढे करूनही एखादे तरुण, उत्साही साहेब एक वाफा करून पाहू म्हणालेच, तर डास होतील अशी हरकत बैठकीत कोणीतरी घेईलच. तेव्हा आपण गप्प बसावे. नीट बांधलेल्या वाफ्यातले पाणी दोन दिवसांच्या आत खाली उतरते आणि अंड्यातून उडता डास बाहेर पडायला आठवडाभर तरी लागतो, हे सांगितले तर हरकत तिथेच संपेल. वाफा खोदण्यापूर्वी जमिनीची परीक्षाही करू देऊ नये. हातभर खड्डा करून, त्यात पाणी ओतून ते किती वेळात उतरते हे घड्याळ लावून पाहिले की चिकणमातीची जागा लगेच कळते आणि तिथे खाली रेती-खडी व निचऱ्याची नळी घालावी लागते. हे न पाहता कोपऱ्यावरची सोयीची जागा घ्यावी.

उद्घाटन मात्र थाटात करावे. फलक मोठा असावा, फीत असावी, आपले नाव निमंत्रणपत्रिकेत असावे. मंजुरीच्या टिपणीत 'देखभाल' या रकान्यापुढे काय लिहायचे असे कारकुनाने विचारले तर "संबंधित विभाग" असे सांगावे. बागखाते म्हणेल हे ड्रेनेजचे, ड्रेनेजखाते म्हणेल यात झाडे आहेत, आणि पाणी आत येण्याच्या फटीपाशी साचलेला दोन घमेली गाळ, जो एका माणसाने पावसाळ्यापूर्वी अर्ध्या तासात काढला असता, तो तसाच राहील. पहिल्या वर्षी पाणी थोडे कमी मुरेल, दुसऱ्या वर्षी फट बुजेल, तिसऱ्या वर्षी वाफ्यातली कर्दळ वाळेल आणि तिला पाणी घालायला टँकर येईल. तोवर उत्साही साहेबांची बदली झालेली असेल. नवे साहेब पाहणी करून "प्रयोग अयशस्वी" असा शेरा मारतील. त्या शेऱ्याची एक साक्षांकित प्रत आपण जरूर मागून घ्यावी. पुढच्या कांसेवर पेटी बसवण्याचा प्रस्ताव येईल तेव्हा तो कागद जोडावा लागतो.