‘शुगर ताब्यात तर पाय शाबूत’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

‘शुगर ताब्यात असेल तर पायाची जखम आपोआप भरते. दुखत नसेल तर काळजी नको. कोमट मिठाच्या पाण्यात पाय बुडवा, हळद भरा. डॉक्टरकडे गेलात तर एक बोट कापतील आणि मग कापतच जातील.’ नागपुरातल्या मोबाइलवर फिरणाऱ्या या मजकुरावर विसंबलं तर पाय जाऊ शकतो.

आधी ‘दुखत नाही’चं बघू, कारण सगळ्यात जास्त फसगत तिथेच होते. शुगर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली की पायाच्या नसा बधिर होतात. तपासणी साधी आहे: १० ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा धागा तळव्यावर टेकवायचा. स्पर्श कळला नाही, तर पायाचा राखणदार गेला. असा माणूस मे महिन्यात, पारा ४५ कडे असताना, देवळाच्या तापलेल्या फरशीवर चालतो किंवा नवरात्रात अनवाणी कोराडीच्या देवीला जातो. फोड आल्याचं कळतं ते चादरीला डाग पडल्यावर. पुढे त्याच जखमेवर भार देत तो हिंडत राहतो. तळव्याच्या जखमेला नुसती पट्टी पुरत नाही, भार काढणारा कास्ट (प्लास्टरसारखं कवच) किंवा बूट लागतो.

शुगर सांभाळायलाच हवी. पण पाय राहणार की नाही, हे ठरतं मुख्यतः रक्तपुरवठा, जंतुसंसर्ग आणि जखमेची खोली यांवर. घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या दाबाने भागून ०.९ पेक्षा कमी आलं, तर धमन्या अरुंद झाल्यात असं समजावं. मधुमेहात मात्र धमन्यांत कॅल्शियम साचतं, त्या दाबल्या जात नाहीत आणि आकडा खोटाच चांगला येतो. तो १.३ च्या वर गेला तर पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजून घ्या. तो ३० मिमी पाऱ्याच्या खाली असेल तर रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे तातडीने जा. डायलिसिस, तंबाखू, आधी कापलेलं बोट यांतलं काहीही असलं तर एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) ७ असूनही धोका मोठा.

मिठाचं पाणी नकोच. बधिर पायाला चटका कळत नाही, आणि भिजलेली कातडी मऊ पडून फाटते. हळदीने जखमेचा तळ झाकला जातो. डॉक्टरांना निर्जंतुक सळई घालून खाली हाड लागतं का, हे तर तिथेच बघायचं असतं. लागलं तर हाडात संसर्ग असण्याची दाट शक्यता. पहिला एक्स-रे साफ आला म्हणून निश्चिंत होऊ नका, बदल दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. घरी एवढंच करा: सलाईनने धुवा, कोरडी गॉज ठेवा, त्या पायावर चालू नका आणि दुसऱ्या दिवसाच्या आत दाखवा.

‘कापतच जातात’ ही भीती खोटी नाही, तिचं कारण चुकीचं सांगितलं जातं. रक्तच पोचत नसेल तर बोट काढलेली जागाही भरत नाही. म्हणून ऑपरेशनआधी विचारा, ‘डॉप्लर, म्हणजे पायाच्या रक्तप्रवाहाची तपासणी, झाला का? पायाच्या धमनीची अँजिओप्लास्टी किंवा बायपास होईल का?’ पू पसरत असेल तेव्हा मात्र आधी तो काढावाच लागतो, थांबता येत नाही.

जखमेभोवती २ सेंटीमीटरहून जास्त लाली, पू, दुर्गंधी, काळं पडलेलं बोट किंवा ताप दिसला तर रात्र असली तरी मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांपैकी जे जवळ असेल ते गाठा. यातलं काही नसेल, पण चार आठवडे उपचार करूनही जखम निम्मी झाली नसेल, तर तीच पट्टी पुढे चालवू नका. रक्तपुरवठा पुन्हा तपासून घ्या.