मोठ्या स्क्रीनचा फोन घेऊन दाखवाच!

अरे मला फक्त मोठ्या स्क्रीनवर मॅच बघायचीये आणि रात्री जरा गेम खेळायचाय, एवढंच! पण दुकानातला दादा सुरू, "सर, १०८ मेगापिक्सेल!" मी काय लग्नाच्या ऑर्डरी घेतो का? वर २ मेगापिक्सेलचा मॅक्रो, म्हणजे अगदी जवळून फोटो काढायचा कॅमेरा, जो वापरणारा माणूस मला अजून भेटायचाय, पण मागे तीन भिंगं दिसली पाहिजेत ना! डब्यावर ठळक "१६ जीबी रॅम", खाली मुंगीएवढ्या अक्षरात ८ + ८ व्हर्च्युअल, म्हणजे निम्मी रॅम स्टोरेजकडून उसनी. स्क्रीन १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलू शकणारी, आणि गेमच्या सेटिंगमध्ये ९० एफपीएसचा, म्हणजे सेकंदाला ९० चित्रांचा, पर्यायच नाही!! ६.८ इंच म्हणे. हे इंच मोजतात तिरके, कोपरा ते कोपरा, त्यामुळे फोन काकडीसारखा लांबुळका केला तरी आकडा मोठाच दिसतो, आणि १६:९ चा (रुंदी १६, तर उंची ९) व्हिडिओ लावला की दोन्हीकडे काळे पट्टे, झूम करून ते घालवावेत तर कॅमेऱ्याचं भोक चित्रात आणि बॅट्समनचं डोकं बाहेर. फोनमध्ये वाइडवाइन एल१, म्हणजे व्हिडिओची चोरी रोखणाऱ्या सुरक्षेची सगळ्यात वरची पातळी, नसेल तर पैसे भरलेल्या ओटीटीवरही बहुतेक ठिकाणी एचडी मिळत नाही, म्हणून तेवढं विचारलं, तर दादा म्हणतो, "सर, कलर कुठला देऊ?"