माल कमी पडला तर पैसे कोण भरणार?

काल रात्री कट्ट्यावर जे झालं ते आठवतंय तोवर लिहून काढतो, कारण टपरीवाल्याने शटर ओढलं, बाकडी आत नेली, आम्ही उभ्या उभ्या बोलत राहिलो तरी विषय संपला नाही आणि घरी येऊन झोप पण लागेना.

सुरुवात सुन्याने केली. त्याच्या ऑफिसच्या ग्रुपवर आलेला फॉरवर्ड त्याने मोठ्याने वाचला, की चीनने आफ्रिका कर्जात बुडवली, केनियाने रेल्वेसाठी मोंबासा बंदर चीनकडे गहाण टाकलंय, हप्ते थकले की बंदर गेलं. आणि वर म्हणतो, "बघा, हा असला सावकार. आपण मदत करतो, चीन गिळतो, फरक आहे की नाही?"

एरवी ह्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. पण काल नंदू होता. नंदू सहा वर्षं मोंबासात कंटेनर यार्डात हिशेबाचं काम बघायचा, आता कायमचा सांगलीला परत आलाय. तो सहसा बोलत नाही, चहा ओततो आणि ऐकतो, पण बंदराचं नाव निघाल्यावर त्याने कप खाली ठेवला.

"बंदर गहाण नाही रे सुन्या. ती बातमी २०१८ च्या शेवटी उठली, तिकडच्या ऑडिटर जनरलच्या ऑफिसचं एक पत्र फुटलं त्यावरनं, आणि आमच्या यार्डात पण तेव्हा सगळे हादरले होते. पुढे अभ्यासकांनी कागद तपासले तर बंदर तारण ठेवलेलं नव्हतंच. जे खरं होतं ते वेगळं होतं, आणि त्याचा फॉरवर्ड कुणी करत नाही."

"मग खरं काय?"

नंदूने बाळूकडे बघितलं. बाळूच्या दोन गाड्या आहेत, एक दहाचाकी, एक आयशर. "बाळू, पाहुण्यांना तुळजापूरला न्यायला गाडी ठरवली तर ड्रायव्हर काय सांगतो?"

"दिवसाला तीनशे किलोमीटर मिनिमम."

"आणि दोनशेच झाले तर?"

"तरी तीनशेचे द्यायचे. गाडी त्याने दिवसभर अडकवून ठेवलीय ना."

"बास. मोंबासा बंदराने रेल्वेला हेच लिहून दिलं होतं, दरवर्षी इतका माल तुझ्यावर टाकीन, नाही टाकला तर फरक मी भरीन. टेक ऑर पे म्हणतात त्याला. त्या रेल्वेच्या पैशातून चीनचं कर्ज फिटणार होतं."

इथे बाळू पुढे सरकून बसला. मला वाटतं कालच्या अख्ख्या चर्चेत पहिल्यांदा कुणाला तरी परराष्ट्र धोरण खऱ्या अर्थाने कळलं आणि ते बाळूला कळलं, आम्हा बाकीच्यांना नाही.

मग नंदूने सगळं सांगितलं. मोंबासा ते नैरोबी साधारण ४७० किलोमीटरची नवी रेल्वे, चायना रोड अँड ब्रिज कॉर्पोरेशनने बांधली, ३१ मे २०१७ ला चालू झाली, चीनच्या एक्झिम बँकेने ३२० कोटी डॉलरच्या आसपास दिले. गाडी चांगली आहे म्हणतो, साव्होच्या जंगलातनं उंच भरावावरनं जाते, खालनं हत्तींना जायला बोगदे ठेवलेत, आणि पूर्वी बसने रात्र जायची तो प्रवास पाचेक तासांवर आला. लोक खूश होते. पण तिकीट काढून रेल्वेचं कर्ज फिटत नाही, त्याला माल लागतो, आणि हिशेब असा होता की रेल्वे पुढे थेट युगांडाच्या हद्दीपर्यंत जाणार, युगांडा, रवांडा, दक्षिण सुदानचा सगळा माल तिच्यावर येणार. ती २०१९ ला नैवाशाजवळ येऊन थांबली ती पुढे कित्येक वर्षं तिथेच. म्हणजे माल कमी पडणार हे दिसत होतं.

"मग सरकारने काय केलं," नंदू म्हणाला, "२०१८ पासून सक्ती केली. नैरोबीचा कंटेनर मोंबासात कस्टममधनं सोडवायचाच नाही, रेल्वेत घालून नैरोबीच्या डेपोत पाठवायचा आणि तिथे सोडवायचा. तिथनं परत ट्रक करून गोडाऊनला. रिकामा कंटेनर परत आणायची कटकट वेगळी. व्यापारी बोंबलायला लागले, की भाडं रोडपेक्षा जास्त बसतंय."

बाळू म्हणाला, "आणि गाडीवाले?"

नंदू थोडा वेळ गप्प बसला. मग मोबाईल काढून एक फोटो दाखवला. मोंबासाच्या बाहेर मरियाकानी म्हणून गाव आहे, तिथे वजनकाटा आहे, त्याच्या आधी ट्रकांची रांग लागते. फोटोत रस्त्याकडेला पत्र्याचं एक हॉटेल, हॉटेल म्हणजे काय, चार बांबू आणि दोन बाक, एक बाई तव्यावर चपाती टाकतेय, बाजूला राजम्यासारख्या उसळीचं पातेलं. "चपातीला तिकडे चपातीच म्हणतात," नंदू म्हणाला, "चहाला चाय, दुकानाला दुका, गाडीला गारी. मी शनिवारी काट्यावर हिशेब मिळवायला गेलो की इथेच खायचो. पहिल्या वर्षी ह्या बाकावर जागा मिळायची नाही. २०१९ ला गेलो तर मी एकटा आणि ती. मोंबासात मोर्चे निघाले त्या वर्षी. ड्रायव्हर, क्लिनर, पंक्चरवाले, यार्डातली पोरं. आमच्या यार्डातली पण निम्मी कमी केली, यादी मलाच टाईप करायला लागली."

हे ऐकल्यावर सुन्या म्हणाला, "म्हणजे मी तेच म्हणतोय की! चीनने वाट लावली."

"चीनने सही केली, पण एकट्याने नाही केली," नंदू म्हणाला.

मग व्याजावर गाडी आली. सुन्या फायनान्स कंपनीत आहे, त्याला व्याज म्हटलं की चेव येतो. पहिलं कर्ज दोन भागांत होतं, निम्मं २ टक्क्यांनी २० वर्षांसाठी, निम्मं लायबोरवर, म्हणजे बँका आपसात डॉलर उसने द्यायच्या त्या दरावर, ३.६ टक्के वर, म्हणजे फ्लोटिंग. अमेरिकेने २०२२ पासून दर वाढवले तसा केनियाचा हप्ता बीजिंगला न विचारता वाढत गेला. आणि करारात लिहिलेलं, की भांडण झालं तर निवाडा बीजिंगमध्ये, कायदा चीनचा, आणि करार गुप्त ठेवायचा. सुन्या म्हणाला हा तर सरळ सावकारी कागद आहे, आमच्या कंपनीने असा कागद गिऱ्हाइकाला दिला तर आम्हाला कोर्टात खेचतील.

त्यावर मी म्हटलं, आणि हे मी आधीच वाचलेलं होतं म्हणून बोललो, की मग गोऱ्यांच्या बाजाराचं पण बघ. फेब्रुवारी २०२४ ला केनियाने जुने रोखे फेडायला नवे १५० कोटी डॉलरचे युरोबाँड काढले, त्याला दहा टक्क्यांच्या वर परतावा द्यायला लागला. ते रोखे इंग्लंडच्या कायद्याने चालतात. चीनचं कर्ज त्यामानाने स्वस्त होतं. सुन्याने पण बरोबर मुद्दा काढला, मान्य करायला पाहिजे, की युरोबाँडचा कागद कुणालाही वाचायला मिळतो, चीनचा दडवून ठेवला होता, आणि ज्याचा कागद दिसतो त्याच्याशी भांडता तरी येतं.

मास्तर इतका वेळ ऐकत होते. आमच्या शाळेत इतिहास शिकवायचे, आम्ही अजून सरच म्हणतो. ते म्हणाले, "अरे, त्याच मोंबासातून एक रेल्वे आधीही निघाली होती. १८९६ ते १९०१, इंग्रजांनी बांधली. त्यांना युगांडा आणि नाईलच्या उगमावर पकड पाहिजे होती, जर्मन शेजारी येऊन बसले होते. मजूर कुठले नेले माहितीय? आपले. बत्तीस हजारांच्या आसपास, बहुतेक पंजाबातले, अडीच हजारांच्या घरात मेले. नैरोबी शहरच मुळात त्या रेल्वेची छावणी, १८९९ ला पडलेली. तिथल्या कुणाला त्यांनी विचारलं होतं, की बाबांनो तुम्हाला रेल्वे पाहिजे का?"

सुन्या म्हणाला, "सर, ते राज्य होतं, हे कर्ज आहे."

"बरोबर आहे, म्हणून तर फरक सांगतोय. आता सही करायला तिथला माणूस आहे. झांबियाचं बघ. चहूबाजूनी जमीन, तांबं बाहेर काढायचा रस्ता दक्षिणेतल्या गोऱ्या राजवटींच्या मुलखातून. टांझानिया आणि झांबियाने पाश्चात्यांकडे रेल्वे मागितली, त्यांनी परवडणार नाही म्हणून नाही म्हटलं. मग चीनने बिनव्याजी कर्ज दिलं आणि १९७० ते ७५ मध्ये १८६० किलोमीटर रेल्वे टाकून दिली. तेव्हा चीन स्वतः गरीब होता. टांझानियाचे न्येरेरे आणि झांबियाचे काउंडा हे काय चीनचे बाहुले होते? त्यांना गरज होती, त्यांनी देणारा शोधला. आता तांबं-कोबाल्टसाठी अमेरिका आणि युरोप पलीकडच्या अंगाला अंगोलातल्या लोबितो बंदराकडे जाणाऱ्या रेल्वेत पैसे घालतायत. दोन टोकांना दोघं बसलेत. झांबियाने दोघांकडून भाव करून घ्यावा, मी तर म्हणेन घ्यावाच."

इथपर्यंत ठीक चाललं होतं. मग सुन्या म्हणाला की काही झालं तरी आपण भारतीय असं करत नाही. आणि नंदू पहिल्यांदा चिडला.

"नैरोबीचं विमानतळ ३० वर्षांसाठी अदानींना द्यायचं चाललं होतं, १८५ कोटी डॉलरचा प्रस्ताव, लोकांना पत्ता नव्हता. २०२४ च्या जुलैत कागद फुटले, फ्रान्समध्ये शिकणाऱ्या एका केनियन पोराने, नेल्सन अमेन्या नाव त्याचं, एक्सवर टाकले, तेव्हा कळलं. सप्टेंबरात कोर्टाने स्थगिती दिली, विमानतळाच्या कामगारांनी संप केला, माझा एक मित्र त्या दिवशी बॅगा घेऊन बाहेर फूटपाथवर बसलेला. त्याने मला मेसेज केला, की तुमचे लोक पण तसेच का? काय उत्तर देऊ मी त्याला?"

सुन्या म्हणाला ती खासगी कंपनी आहे, देश नाही, आणि शेवटी तो करार रद्द झाला तो अमेरिकेत आरोपपत्र आलं म्हणून. ते खरंय, नोव्हेंबर २०२४ ला आरोपपत्र आलं, अदानी समूहाने आरोप नाकारले, आणि दुसऱ्याच दिवशी केनियाचे राष्ट्राध्यक्ष रुटोंनी संसदेत उभं राहून विमानतळाचा आणि अदानींचाच वीजवाहिन्यांचा, दोन्ही सौदे रद्द केले. पण मला नंदूचं पटतं. मोंबासातल्या माणसाला बॅलन्सशीट कुठल्या झेंड्याखाली छापलंय ह्याने फरक पडत नाही, त्याला न विचारता, न दाखवता सौदा झाला एवढंच त्याला दिसतं. आणि आपण 'आपण मदत करतो' म्हणतो तेव्हा आपला कागद उघडा पाहिजे, चीनपेक्षा तर नक्कीच जास्त उघडा पाहिजे, नाहीतर म्हणायचं कशाला. हे मी कट्ट्यावर पण बोललो आणि सुन्या दोन मिनिटं माझ्याशी बोलला नाही.

मला काल सगळ्यात जास्त भिडलं ते ह्या महासत्तांचं काही नाही, तर तिथली माणसं. रेल्वेच्या कराराविरुद्ध ओमताताह नावाच्या कार्यकर्त्याने आणि वकिलांच्या संघटनेने २०१४ ला केस टाकली, २०२० ला अपील कोर्टाने म्हटलं खरेदीच बेकायदेशीर, पुढे सुप्रीम कोर्टाने ते फिरवलं. करार दाखवा म्हणून दुसरे लोक मोंबासाच्या कोर्टात गेले. शेवटी नोव्हेंबर २०२२ ला नव्या सरकारने काही करार टेबलावर ठेवले, रेल्वे चालू होऊन पाच वर्षं झाल्यावर! आणि जून २०२४ ला टॅक्स वाढवायच्या बिलाविरुद्ध विशी-पंचविशीतली पोरं रस्त्यावर आली, २५ तारखेला संसदेत घुसली, गोळीबार झाला, कितीतरी पोरं गेली, दुसऱ्या दिवशी बिल मागे घेतलं. तेव्हा सरकारच्या महसुलातला निम्म्याहून जास्त पैसा कर्जफेडीत जात होता, वर आंतरराष्ट्रीय नाणेनिधी टॅक्स वाढवा म्हणत होता, आणि महिनाभर आधीच रुटो वॉशिंग्टनला जाऊन शाही स्वागत घेऊन आले होते. तिथल्या पोरांना बीजिंग की वॉशिंग्टन हा प्रश्न पडलेला नव्हता, बिल आमच्यावर का फाडता एवढाच होता.

बाळूने शेवटी विचारलं, "मग आता सुधारलं का काही?"

नंदू म्हणाला थोडं. २०२५ च्या ऑक्टोबरात त्या रेल्वेचं डॉलरमधलं कर्ज युआनमध्ये फिरवून घेतलं, सरकार म्हणतं वर्षाला २१.५ कोटी डॉलर वाचतील. पण आता युआनमध्ये बांधलेले. नैरोबीकडून पश्चिमेला जाणारा मोठा रस्ता आधी फ्रेंच कंपन्यांना दिलेला, त्यात वाहनं कमी पडली तर तोटा सरकारचा असं होतं, तो करार सोडून चिनी कंपन्यांना दिला.

"म्हणजे तिथे पण मिनिमम तीनशे," बाळू म्हणाला. "फ्रेंच असू दे नाहीतर कोण. माल कमी पडला तर कोण भरणार, ते पहिलं विचारायला पाहिजे सहीच्या आधी."

मग त्याने नंदूचा मोबाईल परत मागितला, तो मरियाकानीचा फोटो मोठा करून बघितला, मागे उभ्या ट्रकचे टायर बघितले, तो तेच बघणार, आणि विचारलं, "ही बाई आहे का अजून?"

"२०२२ ला रुटोंनी सक्ती उठवली तेव्हा गाड्या परत आल्या," नंदू म्हणाला. "मी निघायच्या आधी एकदा गेलो होतो. पत्र्याचं हॉटेल होतं, तवा पण होता. चपात्या दुसरंच कोणतरी टाकत होतं. विचारलं तर म्हणाले, ती गावी गेली, २०२० लाच."