सरांची दोन कपाटं अभ्यासिकेच्या आड येत नाहीत

आमच्या तालुक्याच्या वाचनालयात वरच्या मजल्यावर दोन लोखंडी कपाटं आहेत. त्यांत एका स्थानिक इतिहास संशोधकाचे सगळे कागद आहेत. वह्या, पत्रं, फोटो, हाताने काढलेले नकाशे, कात्रणं, शिलालेखांचे ठसे. सर गेल्यावर घरच्यांनी ते वाचनालयाला दिले. आता त्या मजल्यावर स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका करायची आहे आणि कपाटांचं काय करायचं यावर कार्यकारी मंडळात बोलणी चालू आहेत. सरांची छापील पुस्तकं ठेवा, 'महत्त्वाचे' कागद स्कॅन करा, उरलेले घरच्यांना परत द्या, असा एकूण सूर आहे. माझा याला विरोध आहे. का, ते सविस्तर लिहितो, कारण सभेत एवढं बोलायला मिळत नाही.

सरांचं नाव इथे लिहीत नाही. घरच्यांना असं जाहीरपणे आलेलं आवडणार नाही, आणि तालुक्यातल्या माणसाला सांगायची गरजही नाही. हायस्कूलला इतिहास शिकवायचे. रविवारी सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून खेड्यांत जायचे. गढी, बारव, पडकी मशीद, वीरगळ, जुनी जिनिंग, जे दिसेल तिथे थांबायचे आणि पारावर बसलेल्या माणसांशी बोलायचे. पुस्तकं दोनच लिहिली, दोन्ही पदरमोड करून छापलेली. ती चांगली आहेत, पण मी त्यांच्यासाठी भांडत नाहीये. पुस्तकं कुठेतरी टिकतील. वह्यांची दुसरी प्रत कुठेच नाही.

एक उदाहरण देतो. पुस्तकात आपल्या भागातल्या एका गढीवर एक परिच्छेद आहे: अमक्या देशमुखांनी बांधली, अमक्या काळात पडली. वहीत त्याच गढीवर पानंच्या पानं आहेत. तीन म्हाताऱ्यांनी तीन वेगळ्या हकिगती सांगितल्यात. सरांनी प्रत्येकाचं नाव, वय, गाव, जात, त्या घराचं गढीशी काय नातं होतं, सगळं लिहून ठेवलंय. एकाचा आजा गढीवर चाकरीला होता, दुसऱ्याच्या घराण्याचं देशमुखांशी वैर होतं. पुस्तकात एक हकीगत घ्यावी लागते म्हणून त्यांनी एक घेतली. बाकीच्या दोन फक्त त्या वहीत आहेत. ते तिन्ही म्हातारे आता नाहीत, आणि गढीच्या जागेवर प्लॉट पडलेत.

दुसरं एक पत्र आहे. एका दगडावरची अक्षरं फारुकी सुलतानांच्या काळातली असावीत असं सरांना वाटलं होतं. फारुकी म्हणजे खान्देशावर राज्य करणारे, थाळनेर, बऱ्हाणपूर, अशीरगडवाले. 1601 साली अकबराने अशीरगड घेतला आणि ते राज्य संपलं. सरांनी ठसा काढून एका जाणकाराला पाठवला. उत्तर आलं की हे इतकं जुनं नाही, बरंच अलीकडचं आहे. सरांनी ते पत्र आपल्याच टिपणाशेजारी डिंकाने चिकटवलं आणि टिपणावर एक आडवी रेघ मारली. खोडलेलं नीट वाचता येतं. उद्या कोणी तोच दगड पाहून तीच घाई करेल तेव्हा हे पान त्याला वाचवेल. पुस्तकात हा दगडच नाही, कारण तो विषय सरांच्या लेखी संपला होता. संशोधकाने काय मानलं नाही आणि का मानलं नाही, हे फक्त त्याच्या दप्तरात सापडतं.

बायकांची गाणी आहेत, आखाजीची, कानबाईची, जशी म्हटली तशी अहिराणीत उतरवलेली. एका म्हातारीच्या गाण्यांच्या आधी तिचं वाक्य लिहिलंय: "मी मरी गऊ ते हाई कोन सांगी?" सरांनी खाली तारीख टाकलीय, बाकी काही लिहिलेलं नाही.

आणि सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांमधून जमवलेल्या, 1857 च्या उठावात इंग्रजांशी लढलेल्या भिल्लांचे पुढारी खाज्या नाईक यांच्या आठवणी आहेत. 11 एप्रिल 1858 ची अंबापाणीची लढाई इंग्रजांच्या कागदांत आहे, पण ती लढलेल्या बाजूने लिहून ठेवलेलं जवळपास काही नाही. त्या बाजूचं जे आहे ते गाण्यांत आणि बोलण्यात आहे. 1880 चं खानदेश गॅझेटियर आपण सगळेच उघडतो, मीही उघडतो, फार कामाचं पुस्तक आहे. पण ते राज्य करणाऱ्यांनी राज्य करण्यासाठी लिहिलंय. भिल्लांच्या घरात बसून भिल्लांचं ऐकून लिहिलेलं हवं असेल तर असल्याच वह्या शोधाव्या लागतात.

कार्यकारी मंडळातल्या एका सद्गृहस्थांनी मला विचारलं, हे एवढं मोलाचं असतं तर सरकारने नेलं नसतं का? प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून उत्तर नीट देतो. सरकारच्या कुठल्याच खणात हे कागद बसत नाहीत. राष्ट्रीय पांडुलिपी मिशन 2003 मध्ये सुरू झालं, पण त्याच्या व्याख्येत हस्तलिखित किमान 75 वर्षं जुनं लागतं. सरांच्या बहुतेक वह्या त्याच्या अलीकडच्या, आणि बॉलपेननं लिहिलेल्या. अभिलेखांचे कायदे सरकारी दप्तरासाठी आहेत, खाजगी माणसाच्या वहीसाठी नाहीत. आणि आपलं वाचनालय चालतं ते 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली. अ, ब, क, ड वर्ग आणि त्यानुसार अनुदान. तपासणीला येणारा माणूस ग्रंथ मोजतो, नियतकालिकं मोजतो, सभासद मोजतो. दाखल नोंदवहीत पुस्तकाला क्रमांक मिळतो. लग्नपत्रिकेच्या पाठीवर पेन्सिलीने लिहिलेल्या टिपणाला कुठला क्रमांक देणार? म्हणून ती कपाटं इतकी वर्षं वाचनालयात असूनही वाचनालयाच्या एकाही कागदावर नाहीत. हा दोष ग्रंथपालांचा नाही. त्यांचा पगार किती आहे आणि त्यांच्यावर कामं किती आहेत हे आपण सगळे जाणतो. पण ज्याची नोंद नाही ते हलवायला निर्लेखनाचा, म्हणजे नोंदीतून काढून टाकण्याचा, ठरावही लागत नाही. मला खरी भीती त्याची आहे.

खान्देशच्या माणसाला तरी हे पटवून द्यावं लागू नये. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे मूळचे कोकणातले, जन्म 1863 चा. पानिपतच्या काळातल्या पत्रांचा 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड त्यांनी 1898 साली काढला, पुढे 22 खंड झाले. लोकांच्या माळ्यांवरून आणि कोठ्यांतून, वाळवीच्या तोंडातून त्यांनी कागद सोडवले. 1910 साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभं केलं, पुढे त्यापासून दूर झाले आणि शेवटी धुळ्यात राहिले. 31 डिसेंबर 1926 ला तिथेच वारले. तेव्हा धुळ्याच्या लोकांपुढे आपल्यापुढे आहे तोच प्रश्न होता: एका एकट्या माणसाच्या मागे उरलेलं दप्तर. भास्कर वामन भट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजवाडे संशोधन मंडळ उभं केलं. धातुकोश आणि नामादिशब्दव्युत्पत्तिकोश राजवाड्यांच्या हयातीत पुस्तकरूपाने आले नव्हते. मागे राहिलेल्या टिपणांमधून मंडळाने ते बाहेर आणले. छापील तेवढं ठेवून बाकीचं परत पाठवायचं असं त्या लोकांनी ठरवलं असतं तर हे दोन कोश मराठीत नसते. त्याच धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी रामदासी परंपरेतली हस्तलिखितं गोळा केली, ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. हे दोन्ही संग्रह गावातल्या माणसांनीच उभे केलेत.

आणखी किती सांगू? 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत. साने गुरुजींनी ते लिहून घेतलं, म्हणून गीता प्रवचने हे पुस्तक आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी ओव्या वहीत उतरवल्या, सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि बाई गेल्यावर 1952 साली गाणी छापून आली. ज्या दिवशी कोणी जवळ वही घेऊन बसलेलं नव्हतं त्या दिवशीच्या ओव्या गेल्या.

आता 'महत्त्वाचे कागद' याविषयी. महत्त्वाचं काय हे ठरवणार कोण, आणि कशावरून? राजवाड्यांच्या काळात घरोघर पडलेले मोडीतले जमाखर्च लोकांना कचराच वाटत होते. सरांच्या कपाटात आठवडे बाजारातल्या भावांचे चिटोरे आहेत, दादर ज्वारी, बाजरी, सरकी. 1972 च्या दुष्काळातल्या खडीच्या कामावर कोणाला किती मजुरी मिळाली याची एक यादी आहे. तमाशाच्या फडाची हँडबिलं आहेत, सहकारी सोसायटीच्या निवडणुकीची पत्रकं आहेत. यातलं काहीही आजच्या समितीला महत्त्वाचं वाटणार नाही. उद्या कापूस पिकवणाऱ्या घरांचा इतिहास लिहायला जो कोणी बसेल, तो आधी तेच मागेल.

स्कॅनिंगला माझा विरोध नाही. जरूर करा, सगळ्याचं करा, कागदाच्या पाठीसकट करा. सरांना कागद वाया घालवायची सवय नव्हती, त्यामुळे निम्मी टिपणं कशाच्या तरी मागे लिहिलेली आहेत, आणि बरेचदा ते टिपण कधीचं हे मागच्या छापील मजकुरावरूनच कळतं. पण स्कॅन झालं म्हणून कागद गेला तरी चालेल, हे मला मान्य नाही. हार्ड डिस्क बंद पडतात, फाइल उघडेनाशा होतात, पासवर्ड एका माणसाला ठाऊक असतो आणि तो बदली होऊन जातो. पुसट पेन्सिल स्कॅनमध्ये उमटत नाही, कागद हातात घेऊन उन्हाकडे धरला की दिसते. शिवाय स्कॅन करताना लोक कागद 'नीट लावून' घेतात. पत्रं एकीकडे, फोटो एकीकडे, वह्या एकीकडे. असं केलं की मोडलंच. तो फोटो त्या वहीच्या त्या पानात का होता, हेच तर कळायला हवं. अभिलेखागारांचा जगभरचा पहिला नियम हाच आहे की एका माणसाचं दप्तर दुसऱ्याच्या दप्तरात मिसळायचं नाही आणि त्याने लावलेला क्रम हलवायचा नाही. 

पुण्या-मुंबईच्या मोठ्या संस्थेला द्यावं, तिथे एसी आहे, अशीही सूचना आली. तिथली व्यवस्था आपल्यापेक्षा उत्तम आहे यात वाद नाही. पण हे कागद कोणाला लागणार आहेत? नंदुरबार जिल्ह्यातली काही गावं उकई धरणाच्या पाण्याखाली गेली, पुढे काही सरदार सरोवराच्या पाण्याखाली गेली. त्यातल्या काही गावांचे सरांनी काढलेले नकाशे त्या कपाटात आहेत, घर कोणाचं, देव कुठला, विहीर कुठे. त्या गावचा नातू आज वसाहतीत राहतो, कॉलेजला जातो. तो एसटीने तालुक्याला येईल, एक दिवस बसेल, परत जाईल. पुण्यात राहून चार दिवस संग्रह पाहणं त्याला परवडणार नाही. आणि गेलाच, तरी सरांच्या अक्षरातला अहिराणी शब्द लागला नाही तर तिथे विचारणार कोणाला?

अभिलेख सांभाळायला महाल लागत नाही. भिंतीपासून चार बोटं दूर ठेवलेलं कपाट लागतं, खाली लाकडी ठोकळे, वरून गळणार नाही असं छत. गंजलेल्या टाचण्या काढायच्या आणि त्यांच्या जागी कागदाची पट्टी घालायची. सेलोटेप अजिबात लावायची नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही, ते एकदा केलं की सुटत नाही. आणि दर पावसाळ्यानंतर कोणीतरी प्रत्येक गठ्ठा उघडून पाहायचा. एवढं आपल्या वाचनालयाला जमेल.

घरच्यांची एक अडचण खरी आहे आणि तिच्यावर कोणी बोलत नाही. पत्रांमध्ये भाऊबंदकी आहे, जिवंत माणसांविषयी लिहिलेलं आहे. त्यासाठी कागद जाळायची किंवा परत न्यायची गरज नसते. तेवढी पत्रं सीलबंद करून वीस-तीस वर्षांनी उघडावीत असं दानपत्रात लिहिता येतं. दानपत्र आपल्याकडे नाहीच, तेही करून घ्यायला हवं. कागदाची मालकी आणि लिखाणाचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याने सरांच्या लिखाणाचा हक्क त्यांच्या मृत्यूनंतरही कित्येक वर्षं वारसांकडे राहतो, आणि त्यांना आलेल्या पत्रांचा हक्क ती पत्रं लिहिणाऱ्यांकडे. आत्ता मुलं-मुली आहेत, समजूतदार आहेत, एका बैठकीत सही होईल. पुढच्या पिढीत वारस कुठे कुठे शोधणार?

अभिलेख की अभ्यासिका, असा हा वाद करू नका. अभ्यासिका झालीच पाहिजे. एमपीएससीची, पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं आज एसटी स्टँडवरच्या दिव्याखाली वाचतात हे मी पाहिलंय. पण खाली संदर्भ विभागात तीन मोडक्या खुर्च्या आणि जुन्या टेबलांची अडगळ पडलीय, ती काढली की दोन्ही कपाटं तिथे उभी राहतात. वरचा अख्खा मजला मुलांना मिळतो.

वार्षिक सभेत मी हा ठराव मांडणार आहे: कपाटं संदर्भ विभागात हलवावीत, आतला क्रम न बदलता गठ्ठावार यादी करून ती स्वतंत्र नोंदवहीत चढवावी, घरच्यांकडून दानपत्र घ्यावं, आणि यादी पूर्ण होईपर्यंत एकही कागद वाचनालयाबाहेर जाऊ नये. यादी करायला मी स्वतः बसायला तयार आहे, मोडी येणारं कोणी सोबत आलं तर फार बरं होईल. ठरावाला अनुमोदन द्यायला आणि मत द्यायला सभासद असावं लागतं. ज्यांची वर्गणी थकली असेल त्यांनी सभेच्या आधी भरून पावती घ्यावी, वाचनालय संध्याकाळी उघडं असतं.